पॅडची गादी कधी हलकी, कधी जड. सील नेहमी मागच्या टोकालाच उघडतं. यंत्र बदलू की सुधारू?

जॉबरची_लेक (सोलापूर)

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय दुखणं कळायचं नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचं सॅनिटरी पॅडचं युनिट आहे. सात जणी आहोत. त्यातल्या पाच जणी आधी घरी बसून विड्या वळायच्या, त्यामुळे हाताला वजनामापाचा अंदाज पक्का. माझे वडील इथल्या एका कापड मिलमध्ये विणाई खात्यात जॉबर, म्हणजे माग नीट चालू ठेवणारे मुकादम, होते. मिल कधीच बंद पडली. अप्पा आता 74 वर्षांचे आहेत, पण रोज डबा घेऊन माझ्याबरोबर शेडवर येतात आणि दाराजवळ खुर्ची टाकून यंत्रांचा आवाज ऐकत बसतात.

यंत्रं अशी आहेत. पल्पचा, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा, रोल फाडून हॅमर मिलमध्ये (फिरत्या हातोड्यांच्या चक्कीत) घालतो, त्याचा कापसासारखा भुगा होतो. तो पंख्याच्या हवेने ॲक्रिलिकच्या पेटीत येतो. पेटीच्या तळाशी साच्याची जाळी आहे, खालून व्हॅक्यूम ओढतो आणि टायमर संपेपर्यंत जेवढा भुगा बसेल तेवढी गादी तयार होते. कोरला आम्ही गादीच म्हणतो. त्यावर ओल शोषणारी जेल पावडर चमचाभर टाकायची, हवेच्या प्रेसखाली दाबायची. वर नॉनवोव्हन (न विणलेलं मऊ कापड), खाली प्लास्टिकची फिल्म, आणि डायखाली, म्हणजे गरम धातूच्या ठशाखाली, कडेने सील. मग मागे गम, रिलीज पेपर, यूव्हीची पेटी, पॅकिंग.

अडचणी दोन. पहिली: गादी 6 ग्रॅमची हवी, पण एक हलकी येते, तिच्या मागची एकदम जड. हलकीला उजेडात धरलं तर मधे विरळ दिसतं, जडमध्ये गाठी लागतात. दुसरी: सील उघडतं. पॅडचं पुढचं टोक आम्ही नेहमी डायच्या डावीकडे ठेवतो, मागचं उजवीकडे. उघडतं ते मागचंच.

एप्रिलमध्ये एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. आमचा माल त्यांच्याकडे जातो. सातवीतल्या एका मुलीचं पॅड मागून फुटलं आणि शाळा सुटून वर्ग रिकामा होईपर्यंत ती बाकावरून उठली नाही. बाई रागावल्या नव्हत्या, हळू आवाजात सांगत होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. ते पाकीट माझ्याच हाताने बंद झालं असेल.

यंत्राचा दलाल म्हणतो, ताई, हे भंगारात काढा, फुल ऑटोमॅटिक लाइन घ्या, मिनिटाला शेकड्यांनी पॅड पडतील. त्याने सांगितलेला आकडा आमच्या दोन वर्षांच्या विक्रीपेक्षा मोठा आहे. शिवाय तो म्हणतो की सील उघडतं ते बायकांच्या हातामुळे, डाय नीट दाबत नाहीत. मीही त्याचं ऐकून सीलिंगवरच्या मावशींना दोनदा बोलले.

ज्यांनी अशी यंत्रं स्वतः हाताळलीत त्यांनी सांगा, आहे त्यात काय सुधारता येईल?


भोसरीचा_फिटर

ताई, पॅकिंग आणि सीलिंग मशिनवर 19 वर्षं काम करतोय. तुमच्या लिहिण्यातच अर्धं उत्तर आहे. माणसाच्या हाताची चूक असती तर कधी डावीकडे उघडलं असतं, कधी उजवीकडे, कधी मधे. नेहमी एकाच टोकाला उघडतंय म्हणजे दोष यंत्रात आहे. मावशींचा काही संबंध नाही.

डायमध्ये कार्ट्रिज हीटर, म्हणजे आत बसवलेल्या तापणाऱ्या कांड्या, किती आहेत ते बघा. बहुधा दोन असतील आणि तापमान मोजणारा थर्मोकपल एकच, मधोमध. त्यातला एक हीटर गेला तरी डिस्प्लेवर आकडा बरोबरच दिसतो, कारण उरलेला हीटर जीव तोडून मधला भाग तापवत राहतो. एक टोक जास्त भाजतं, दुसरं थंड राहतं. सप्लाय बंद करा, डाय थंड होऊ द्या, वायरी सोडवा आणि दोन्ही हीटरचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने तपासा.

टोकांचं तापमान मोजताना बंदुकीसारखा लेझर थर्मामीटर वापरू नका. चकचकीत धातूवर तो खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवतो. मल्टिमीटरला तारेचा प्रोब येतो, तो डायला टेकवून मोजा.

आणखी एक. तुमची फिल्म पॉलिथिनची असणार, ती साधारण 105 ते 115 अंशाला वितळते. वरचं नॉनवोव्हन पॉलिप्रॉपिलिनचं असेल तर ते 160 च्या पुढे. म्हणजे दोन्ही वितळून एकजीव होत नाहीत. फिल्म वितळून नॉनवोव्हनच्या धाग्यांत शिरते आणि तिथेच धरून बसते. म्हणून थोडं कमी तापलं की सुटतं, थोडं जास्त तापलं की फिल्मला टाचणीएवढी भोकं पडतात. मधली जागा अरुंद आहे. भाजणाऱ्या टोकाचे पॅड उजेडात धरून बघा, भोकं दिसतील.

डाय समतल दाबतोय का तेही बघा. कोऱ्या कागदावर कार्बन पेपर ठेवून थंड डाय एकदा दाबा. जिथे ठसा फिका, तिथे दाब कमी.


विणकाम_इचलकरंजी

मी टेक्स्टाइल शिकवतो. गादीच्या वजनाबद्दल लिहितो.

एक सांगा, वजनाचा घोळ दिवसभर सारखाच असतो की दुपारी वाढतो? माझा अंदाज असा की दुपारी वाढतो. सोलापूरचा एप्रिल म्हणजे कोरडी ठणठणीत हवा, त्यात पत्र्याचं शेड. पल्पच्या रोलमध्ये साधारण 6 ते 10 टक्के ओलावा असतो. रोल उघडा पडला की तो उडून जातो. कोरडा भुगा हवेबरोबर घासत गेला की त्यावर स्थिर वीज चढते आणि तो ॲक्रिलिकच्या पेटीच्या भिंतींना चिकटतो. थर जाड झाला की धप्पकन खाली पडतो. म्हणून एक गादी हलकी आणि पुढची जड, गाठीची.

पेटीला अर्थिंगची तार लावून काही होणार नाही. ॲक्रिलिक वीज वाहूच देत नाही, तर ती जमिनीत जाणार कशी? पेटी स्टीलच्या पत्र्याची करून घ्या, बघायला छोटी खिडकी ठेवा आणि त्या पत्र्याला अर्थिंग द्या. मिलचं आणि पंख्याच्या पाइपचंही अर्थिंग तपासा.

तुमच्या वडिलांना विचारा, विणाई खात्यात हवा दमट का ठेवायचे. त्यांना हे पाठ असेल.

आणि एक कळकळीने सांगतो. पल्पची धूळ फार पेटाऊ असते. रोलबरोबर एखादी स्टेपलची पिन मिलमध्ये गेली आणि ठिणगी पडली तर क्षणात भडका उडतो. मिलच्या तोंडाशी लोहचुंबक बसवा. जमलेली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, व्हॅक्यूमने ओढून घ्या. हवेत तरंगणारी धूळ खाली पडलेल्या धुळीपेक्षा जास्त धोक्याची. मिलजवळ काम करणाऱ्या बाईने पदर खोचलेला हवा, तोंडाला मास्क हवा, आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी हवं, गोदामात कुलपात नको.


बार्शीची_वहिनी

ताई, ऑटोमॅटिकचं म्हणाल तर मी घेतलीय. वापरलेली घेतली, गुजरातकडून. म्हणून सांगते, घाई नका करू.

लाइन जोरात पळती हे खरं. पण ती पळती तेव्हा सगळे रोल एका ताणात पळाले पाहिजेत. वरचं कापड, फिल्म, रिलीज पेपर, प्रत्येकाचा ताण वेगळा. एक जरी ढिला पडला की गादी वाकडी बसती, कटर नेमका गादीवरनं जातो. आमचे पहिले तीन महिने भंगारच निघालं बघा. रोल बदलायचा म्हटलं की लाइन थांबवा, परत जुळवा, तेवढ्यात पोतंभर पॅड वाया. आमची जुन्या पद्धतीची, एकाच शाफ्टवर सगळे गिअर. साइज बदलायचा तर दोन दिवस जातात. नवीन सर्व्होवाल्यांत, म्हणजे प्रत्येक भागाला वेगळी मोटर असलेल्यांत, स्क्रीनवर आकडा बदलला की काम होतं म्हणतात, पण त्यांची किंमत ऐकूनच परत आले.

आणि माल एका दिवसात एवढा निघतो की महिनाभर विकायला पुरतो. विकायचा कुणाला? जनऔषधी केंद्रात 2019 पासून एक रुपयाला पॅड मिळतंय. त्या भावाशी आपण नाही लढू शकत. आपलं गिऱ्हाईक टिकतंय ते विश्वासावर.

जीएसटीचंही ध्यानात ठेवा. जुलै 2018 मध्ये पॅडवरचा कर काढला, चांगलं झालं. पण आपला माल करमुक्त असल्यामुळं कच्च्या मालावर आणि यंत्रावर आपण भरलेला कर परत मिळत नाही. दलाल जो आकडा सांगतो त्यावर तो कर धरून हिशेब करा. मला हे यंत्र दारात आल्यावर सीएनी सांगितलं.

तुमच्या सात जणींच्या हाताला काम आहे, ते मोडू नका.


जॉबरची_लेक (सोलापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलेलं एकेक करून बघितलं.

आधी डाय. प्रोब आणला, यंत्र चालू करून अर्धा तास तापू दिलं. डिस्प्लेवर 135. डावं टोक 151, उजवं 112. मी तीनदा मोजलं. मग सप्लाय काढून, डाय थंड करून हीटर तपासले. उजवीकडच्या हीटरचं सर्किट तुटलेलं, मीटरचा काटा हललाच नाही. किती महिन्यांपासून तो मेलेला होता देव जाणे. डाव्या टोकाचे पॅड खिडकीशी धरले तर कडेला बारीक बारीक उजेडाचे ठिपके. म्हणजे मागून उघडत होतं आणि पुढून पाझरत होतं.

मी सीलिंगवरच्या मावशींकडे गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तुमची चूक नव्हती, मी बोलायला नको होतं. त्या काही बोलल्या नाहीत, माझ्या पाठीवरून हात फिरवला. वर म्हणाल्या, "मी सांगत होते ना, ह्या बाजूला हात धरला तरी चटका बसत नाही." त्यांनी खरंच सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

दोन्ही हीटर नवे बसवले. एकच बदलला असता तर जुना कधी दगा देईल सांगता येत नाही. थर्मोकपलही एकाऐवजी दोन, प्रत्येक टोकाला वेगळा कंट्रोलर. कार्बन पेपरचा ठसा घेतला तेव्हा मधे फिका आला. अप्पांनी डायखालच्या रबराकडे बोट दाखवलं, तो मधे दबून खड्डा पडला होता. रबर आणि टेफ्लॉनचं कापड दोन्ही बदललं.

आता गादी. सकाळी आठला ओळीने 20 गाद्या वजन केल्या: 5.6 ते 6.3. दुपारी दोनला पुन्हा 20: 4.7 ते 6.9. इचलकरंजीच्या सरांचा अंदाज तंतोतंत. अप्पांना विचारलं तर म्हणाले, "खात्यात हवा कोरडी पडली की ताणा, मागावरचं उभं सूत, पटापट तुटायचा. आम्ही श्वास घेऊनच ओळखायचो आज तुटातूट होणार म्हणून. इथं तर मला पहिल्या दिवसापासून नाक कोरडं लागतंय." मग सांगितलं का नाही, असं विचारल्यावर म्हणाले, "मला वाटलं पॅडला तसंच लागतं."

पेटी स्टीलची करायला फॅब्रिकेटरकडे दिलीय. तोवर हवा दमट करायला फवाऱ्याचा पंखा लावू का?


क्वालिटी_नाशिक

ताई, फवारा लावण्याआधी थांबा. मी हायजीन मालाच्या टेस्टिंगमध्ये काम करते.

दमट हवा हवी, पण बोअरच्या पाण्याचा फवारा थेट पल्पवर नको. टाकीत साचलेलं पाणी म्हणजे जंतूंचं घर आणि तेच पाणी गादीत जाणार. आरओचं पाणी घ्या, टाकी रोज रिकामी करून धुवा, फवारा जेल पावडरपासून लांब ठेवा. ती पावडर हवेतलं पाणीही ओढते आणि डब्यात ढेकळं होतात. भिंतीवर हायग्रोमीटर लावा, आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राहिली तरी स्थिर विजेचा त्रास बराच कमी होईल. पल्पचा रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलाच ठेवा, त्या दिवशी लागेल तेवढाच उघडा.

यूव्हीच्या पेटीवर फार भिस्त ठेवू नका. तो उजेड जिथे पडतो तिथलेच जंतू मारतो. पॅडच्या आत, घडीच्या खाली तो पोचत नाही. म्हणून हात, टेबल, पाणी, जाळी स्वच्छ असणं हेच खरं.

आता मला विचारायचंय: तुम्ही पॅड तपासता कशाने?


जॉबरची_लेक (सोलापूर)

नळाच्या पाण्यात निळी शाई घालून. दर शंभराला एक. ग्लासभर ओततो, वर हात दाबतो. पॅड सगळं पितं, म्हणून तर मला वाटायचं की माल चांगला आहे.


क्वालिटी_नाशिक

तिथेच फसगत होते. जेल पावडर, म्हणजे सोडियम पॉलिअॅक्रिलेट, शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पिते. पण पाण्यात क्षार असले की तिची ताकद घटते, 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात ती 30 ते 50 पटीवर येते. रक्तातही क्षार आहेतच, शिवाय ते पाण्यापेक्षा दाट. साध्या पाण्यावर पास झालेला पॅड अंगावर नापास होऊ शकतो. एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ घाला, मग रंग घाला.

ओतायचं तेही सावकाश. आयएस 5405 या भारतीय मानकाची 1980 ची आवृत्ती (2019 मध्ये ते सुधारलं गेलं) असं सांगते: पॅडच्या मध्यावर मिनिटाला 15 मिली या वेगाने 30 मिली द्रव सोडायचा, मग त्या जागेवर 1 किलोचं वजन एक मिनिट ठेवायचं. खालून किंवा कडेने काही दिसता कामा नये. सलाइनची नळी आणि चिमटा लावून हे घरच्या घरी जमतं. नवी आवृत्ती मागवून वाचा, त्यात आणखीही चाचण्या आहेत.

आणि चमचाभर पावडर एकाच जागी टाकता ना? तिचा वरचा थर आधी फुगतो, जेलीसारखा होतो आणि खालच्या पावडरीपर्यंत काही पोचूच देत नाही. वरून आलेलं मग वाट फुटेल तिकडे पळतं. चहाच्या गाळणीसारख्या चाळणीने लांबीभर पसरून टाका, कडेपासून बोटभर आत. पावडरचा एक दाणा किंवा पल्पचा एक धागा सीलच्या जागेत अडकला तरी तिथून वाट होते, हीटर कितीही चांगला असो.


भोसरीचा_फिटर

अगदी बरोबर. याच्यासाठी सील करायच्या आधी गादी जागेवर बसवणारी चौकट करून घ्या, म्हणजे चारही बाजूंना 8-10 मिलिमीटर कोरी कड सुटेल. लेझर कटिंगवाल्याकडे ॲक्रिलिकमध्ये तासाभरात मिळते. गाठी अजून राहिल्या तर मिलचे हॅमर काढून बघा. एक धार झिजली असेल तर बऱ्याच मिलमध्ये ते उलटे करून लावता येतात. पण समोरासमोरचे हॅमर वजनाने सारखे ठेवा, नाहीतर मिल थरथरते आणि बेअरिंग जातं.


जॉबरची_लेक (सोलापूर)

पाच आठवड्यांनी लिहितेय.

मिठाच्या पाण्यावर जुन्या मालाचे 10 पॅड तपासले. 6 नापास. मी टेबलाशी बसून रडले. गोदामातला सगळा जुना माल काढून टाकला, दुकानांतला परत मागवला, त्या शाळेला बदली पाकिटं दिली. पैशाचं नुकसान झालं, ते भरून काढू.

स्टीलची पेटी आली. हॅमरची एक बाजू खरंच गोल झाली होती, उलटे करून लावले. हे अप्पांनीच सांगितलं, काढायच्या आधी. म्हणाले, मिलचा आवाज महिन्याभरापासून जाडा येतोय, धार गेलीय. हॅमर तराजूत घालून जोड्या त्यांनीच लावल्या. साच्याची जाळी दर तासाला ब्रशने साफ करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय, घड्याळ न बघता उठतात.

परवा दुपारी दोनला 20 गाद्या: 5.7 ते 6.3. बाहेर 41 अंश, आत हायग्रोमीटरवर 48 टक्के. नव्या मालाचे 10 पॅड मिठाच्या पाण्यावर, किलोचं वजन ठेवून तपासले. नऊ पास. एकाच्या कडेला ओल दिसली. फाडून बघितलं तर सीलमध्ये पल्पचा धागा. चौकट अजून लेझरवाल्याकडून आली नाही, सोमवारी देतो म्हणाला.

दलालाला नाही म्हणून कळवलं.

सीलिंगच्या यंत्रावर आता दोन डिस्प्ले आहेत. मावशींना आकडे वाचता येत नव्हते. पॅकिंगवरच्या मुलीने त्यांना तीन दिवसांत शिकवले. सकाळी पॅड घालायच्या आधी त्या डावा आणि उजवा आकडा मोठ्याने वाचतात, मी वहीत लिहिते. आज सकाळी 134 आणि 135.